सैल कवळी

१

कॉलनीत तिला सगळे दातवाली म्हणायचे. खरं तर ती कुणाचे दात काढत नसे की बघत नसे. दवाखान्यांतून मापं यायची आणि ती घरातल्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. पण हे समजावून सांगायचा तिला कंटाळा होता आणि ऐकून घ्यायचा लोकांना. शेजारच्या बायका तिच्याशी बोलताना हळूच तोंडापुढे हात धरायच्या, जणू तोंड उघडं दिसलं की ही बाई आतलं काहीतरी काढूनच नेणार.

बाबांना घेऊन ती इथे राहायला आली ती नाइलाजानं. बाबांनी सारी हयात शाळेची बस चालवली. शहरातली एकूण एक गल्ली त्यांना तोंडपाठ होती आणि म्हातारपणी नेमके रस्तेच डोक्यातून पुसले गेले. दोनदा ते घरातून निघून गेले. दुसऱ्यांदा सापडले तेव्हा सुट्टीच्या दिवशी एका शाळेच्या फाटकापाशी उभे होते, मुलं सुटायची वाट बघत. त्या दिवशी तिनं ठरवलं की आता भिंत आणि पहारा असलेली जागा बघायची. बाबा तिला ओळखत नव्हते, ते तिनं रडून भागवलं होतं. तिला बाई म्हणायचे, पाणी मागताना संकोचायचे. तेही चालेल. फक्त ते हरवायला नकोत, एवढंच तिचं मागणं होतं.

या कॉलनीत हरवायला जागाच नव्हती. गोल रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बैठी घरं, आणि सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. दार डावीकडे, खिडकी उजवीकडे, आत शिरलं की समोर सोफा, सोफ्यामागे स्वयंपाकघराचा झरोका. रहिवासी संघाला हौस दांडगी. पडदे फिकट पिवळेच हवेत, कुंड्या चौकटीबाहेर जायला नकोत, पायपुसणं राखाडीच. एकीनं लाल पायपुसणं टाकलं तर संघाच्या दोघी तिच्या घरी येऊन तासभर गोड बोलून गेल्या. पायपुसणं गेलंच, वर त्या बाईनं पुढे कितीतरी दिवस दारातसुद्धा तोंड दाखवलं नाही.

पण वाईट कशाला म्हणा, म्हाताऱ्यांसाठी संघ खूप करायचा. रोज संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांची फेरी निघायची. सगळ्यांना हिरवी जाकिटं, हिरव्या टोप्या, पुढे संघाची एक उत्साही बाई. तिला सगळे फेरीताई म्हणत. गोल रस्त्यावरून एक चक्कर, मग ज्याचं घर येईल तो आत. त्या वेळी कुणी दाराला कडी लावायची नाही. आणि एखादा म्हातारा चुकून भलत्याच घरात शिरला, तर त्याला ‘चुकलात’ असं म्हणायचं नाही. त्याला वाईट वाटतं. बसवायचं, पाणी द्यायचं, आपलाच असल्यासारखं बोलायचं. मग फेरीताई येऊन घेऊन जाते.

पहिल्याच आठवड्यात दातवालीच्या घरात एक आजीबाई शिरल्या. सोफ्यावर मांडी ठोकून बसल्या, चहा मागितला आणि कपाला वास येतो म्हणून तिला फैलावर घेतलं. दातवालीनं हसत हसत कप पुन्हा धुतला. किती समजूतदार माणसं आहेत इथली, असं तिला मनापासून वाटलं होतं.

२

पहिली शंका आली ती टक् अशी.

संध्याकाळी फेरीवरून येऊन बाबा टेबलाशी बसले होते. तिनं टोस्ट पुढे ठेवला. त्यांनी चावा घेतला आणि टक्. पुन्हा चावा, पुन्हा टक्.

दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं. पण सैल कवळीचा तो आवाज होता, आणि ही कवळी तिनं स्वतः केली होती. दवाखान्यांची कामं बाजूला सारून, चार वेळा मोडून, पाचव्यांदा मनासारखी. ती कवळी घालून बाबा सुपारी फोडतील अशी फुशारकी तिनं भावाकडे मारली होती. टक् होणं शक्यच नव्हतं.

“बाबा, दुखतंय का कुठे?”

“नाही गं,” बाबा म्हणाले. आणि टक्.

‘नाही गं’ ऐकून तिचा हात थांबला. बाबा तिला अहोजाहो करायचे. बाईला अगं कसं म्हणायचं, असे ते भिडस्त. पण आजारात माणूस आज एक बोलतं, उद्या दुसरं, हे डॉक्टरनी सांगितलंच होतं. ती आनंदली म्हणायला हरकत नाही. थोडी आनंदली.

जेवणानंतर तिनं कवळी धुवायला घेतली आणि सवयीनं निरखली. तीच होती. कडेला तिनं खूण म्हणून कोरलेली बारीक रेघ होती. बाबांच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा कपाटात होता. तिनं तो काढून त्यावर कवळी बसवली. चपखल बसली. हलवून पाहिली, तर तसूभर हलली नाही.

म्हणजे कवळी बाबांचीच होती आणि तिच्यात काही बिघाड नव्हता. तिनं दिवा मालवला. हिरड्या झिजतात, तिनं स्वतःला सांगितलं. वय झालं की जबडा आटतो. तोंडाला कोरड पडली तरी कवळी सुटते. हे सगळं खरं होतं, दवाखान्यांतून तक्रार आली की ती हेच सांगायची. फक्त कालपर्यंत आवाज नव्हता आणि हिरड्या एका फेरीत झिजत नाहीत.

३

दुपारी कॉलनीत चिटपाखरू नसायचं. पिवळे पडदे ओढलेले असायचे आणि कुठल्या तरी घरात भांडं पडलं की ते आपल्याच स्वयंपाकघरात पडल्यासारखं वाटायचं. तसल्या दुपारी तिनं बाबांना मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. नवं माप घ्यायचं ठरवलं होतं. उगाच शंका काढण्यापेक्षा नवी कवळी केलेली बरी.

गुलाबी लगदा कालवून तिनं ट्रेमध्ये भरला. मागच्या वेळी बाबांनी थयथयाट केला होता, ओकारी आली म्हणून तिच्या हाताला चावले होते. आता ते शांत बसले. तिनं “आ करा” म्हटलं, त्यांनी केला. ट्रे बसवला, लगदा आळला, तिनं काढून घेतला.

“झालं, मिटा तोंड.”

त्यांनी मिटलं नाही. तोंड तसंच उघडं ठेवून ते तिच्याकडे बघत राहिले, खूप वेळ, काही हवंय का अजून असं विचारल्यासारखे. शेवटी तिनंच हनुवटीला हात लावून तोंड मिटवलं.

प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. तिनं नवा साचा सोडवून हातात घेतला तेव्हा तो अंगासारखा कोमट होता. तिनं तो जुन्या साच्याशेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून खाली बसली.

बाबांची टाळू खोल आणि अरुंद होती, उलट्या होडीसारखी. नव्या साच्यातल्या टाळूचा घाट पसरट होता, जवळजवळ सपाट. हिरडी झिजते, जबडा आटतो, हे सगळं कबूल. पण टाळू बदलत नाही. माणसाच्या तोंडाचं छप्पर जन्मभर एकच असतं. हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं स्वतःचं नावही ठाऊक नसेल.

बाहेर सोफ्यावर ते बसले होते. तिनं दाराआडून पाहिलं. चेहरा बाबांचाच होता. नाक तेच, भुवया त्याच, कानाची पाळी तीच. तिनं मोबाइलवरचे फोटो काढून ताडून पाहिलं आणि जितकं पाहिलं तितकं तिला कळेनासं झालं. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की तो परका वाटू लागतो, तसं झालं.

संध्याकाळी तिनं भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो दूर राहायचा, महिन्यातून एकदा काळजी करायचा.

“बाबा काय टकाटक दिसतायत गं!” तो म्हणाला. “जागा मानवली त्यांना.”

“नीट बघ ना. तुला काही वेगळं वाटत नाही?”

“वाटतं ना. वजन वाढलंय. ताई, त्यांच्या तोंडात काय बघत बसतेस? दातांच्या बाईला सगळीकडे दातच दिसतात.”

पडद्यावर बाबा हसले. भावाच्या विनोदाला नेमक्या जागी हसले. बाबांना विनोद कळेनासे होऊन बरेच दिवस लोटले होते.

४

संघाचं कार्यालयसुद्धा एक घरच होतं. दार डावीकडे, खिडकी उजवीकडे. सोफ्याच्या जागी टेबल, एवढाच फरक. अध्यक्षबाई ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घेणाऱ्या. त्यांनी दातवालीचा हात घेतला तो सोडलाच नाही.

काय सांगायचं ते तिनं वाटेत घोकलं होतं. तरी तोंडातून निघालं ते वेड्यासारखं निघालं. “माझे बाबा बदललेत. म्हणजे, फेरीवरून दुसरंच कुणीतरी आलंय.”

अध्यक्षबाई दचकल्या नाहीत. कुणी नळ गळतोय म्हणून सांगावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

“अहो, फेरीला जेवढे जातात तेवढे परत येतात. आमची फेरीताई त्या बाबतीत काटेकोर आहे.”

“पण परत कोण येतं?”

“तुमच्या घरी कुणी आलं नाही का?”

“आलंय.”

“जेवतात?”

“जेवतात.”

“त्रास देतात?”

“नाही. उलट...” ती अडखळली. “उलट शहाण्यासारखे वागतात.”

“मग झालं तर.” अध्यक्षबाईंनी तिचा हात थोपटला. “लोक इथे येतात तेव्हा फार थकलेले असतात हो. तुम्हीही होतात. आता रंग बघा तुमच्या चेहऱ्यावर आलाय तो.”

तिला ओरडावंसं वाटलं. ओरडून काय सांगणार? की घरी बसलेला म्हातारा प्रेमळ आहे, माझी तक्रार आहे? तिचे खरे बाबा कुठेतरी होते, भलत्याच कुणाच्या घरात, आणि त्यांना ते सांगतासुद्धा येत नसणार.

“बरं झालं आलात,” अध्यक्षबाई उठता उठता म्हणाल्या. “तुमच्याकडे एक काम होतं. मागच्या वळणावर, पाण्याच्या टाकीशेजारचं घर. तिथल्या आजोबांच्या तोंडात फोड आलेत. कवळी चावते म्हणे. जरा बघाल? तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?”

५

टाकीशेजारच्या घरात तिनं पाऊल टाकलं आणि क्षणभर आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं. समोर सोफा, मागे झरोका, पिवळा पडदा. पडद्यावर टाकीच्या पाण्याचा कवडसा हलत होता, तेवढाच काय तो फरक. टाकीत कुठेतरी पाणी थेंब थेंब पडत होतं.

दार उघडणारी बाई तिच्याच वयाची होती. केस वर बांधलेले, हात ओला. पूर्वी टेलिफोन कचेरीत होती म्हणे; आवाज अजून तसाच होता, हळू आणि स्वच्छ.

“या. आज त्यांना फेरीला पाठवलं नाही. खाताच येत नाहीये काही.”

म्हातारा सोफ्यावर बसला होता. दातवालीनं आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही. हात धुतले, त्याच्या पुढ्यात बसली, कवळी अलगद काढली. घाईघाईत केलेलं, कुणा दुसऱ्याच कारागिराचं काम होतं. हिरडीवर लाल चट्टे होते. तिनं बोट आत घातलं आणि टाळूवरून फिरवलं.

बोटाला आधी कळलं. खोल, अरुंद, उलट्या होडीसारखी.

मग तिनं मान वर केली. वाळलेला, गाल बसलेला एक म्हातारा तिच्याकडे परक्यासारखा बघत होता. आणि सगळ्यात वाईट हे, की घरी बसलेले जास्त बाबांसारखे दिसत होते.

“बाबा,” ती म्हणाली.

“हात हलका आहे हो तुमचा, बाई,” म्हातारा भिडस्तपणे म्हणाला.

तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. टेलिफोनवाली झरोक्याशी उभी होती. ती पदर खोचून जवळ येऊन बसली.

“तुमचे आहेत का?”

“हो. तुम्हाला ठाऊक होतं?”

“माझे नाहीत एवढं ठाऊक होतं.” ती बाई म्हाताऱ्याच्या गळ्याशी बांधलेला रुमाल सारखा करत होती. “माझे कुठे आहेत कोण जाणे. आधी मीही घरोघर फिरले, खिडक्यांतून बघितलं. लोक बसवतात, पाणी देतात. शेवटी पाय दुखायला लागले.”

“आणि मग?”

“मग एक आले. त्यांनी मला ओळखलं.” तिचा आवाज आणखी खाली गेला. “माझ्या वडिलांनी कित्येक वर्षं ओळखलं नव्हतं हो. मी त्यांचं सगळं करायचे आणि ते मला हाकलायचे. या माणसानं दारातून आत येता येताच माझ्याकडे असं पाहिलं... काय सांगू? मी विचारणं सोडून दिलं. पुढे तेही बदलले. हे आत्ता आलेत. यांना अजून जमत नाही.”

“काय जमत नाही?”

टेलिफोनवालीनं म्हाताऱ्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, पण त्याची नजर तिच्यावरून तशीच पुढे सरकली. टाकीत पाणी पडत राहिलं.

“मी यांना घेऊन जाते,” दातवाली म्हणाली.

“न्या. मी कोण अडवणार? पण फेरी होऊन जाऊ द्या. फेरीच्या वेळी यांना रस्त्यावर काढू नका.”

“का?”

“माझं ऐका एवढं.”

तिनं ऐकलं नाही. आणखी एक क्षणही त्या सोफ्यावर बाबांना बसलेलं बघणं तिला सोसवत नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला आणि उठवलं. ते निमूट उठले. दाराशी आल्यावर सवयीनं खुंटीवरचं हिरवं जाकीट काढून त्यांनी अंगात घातलं.

६

रस्त्यावर उजेड होता, पण उतरता. सगळ्या घरांची दारं लोटलेली, कडी कुणाचीच नाही. तिचं घर वळसा घालून पलीकडे होतं. ती भरभर चालायला बघत होती, बाबा त्यांच्या चालीनं चालत होते. घरी जाऊन काय करायचं, घरी जो बसतो त्याला काय सांगायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं. सामान बांधायचं आणि निघायचं, भावाकडे जायचं, नाहीतर कुठेही. बाबांचा हात थंड होता. ती तो चोळत होती.

वळणावरून फेरी आली.

पुढे फेरीताई, मागे हिरवी जाकिटं, एकामागून एक. म्हातारे, म्हाताऱ्या, पायांचा घासल्यासारखा आवाज. कुणी बोलत नव्हतं. तिनं बाबांना कडेला घेतलं, अंगाशी धरलं. रांग जवळून जाऊ लागली. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. पुढच्यामागच्यांनी ती सांभाळून आणली होती, ना कमी होऊ दिली ना जास्त.

बाबांनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला, बसमधून उतरताना दांडीवरचा हात काढावा तसा. आणि ते त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. रांग थांबलीच नव्हती. चार पावलांत ती पुढे गेली आणि तिच्यासमोर नुसत्या हिरव्या पाठी उरल्या.

“बाबा!” ती ओरडली.

रांग थांबली. सगळ्यांनी वळून पाहिलं.

सगळ्यांनी तिला ओळखलं. म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा. प्रत्येक चेहरा उजळला होता, गर्दीत आपलं पोर दिसल्यावर उजळावा तसा. किती वर्षं तिनं त्या एका नजरेसाठी देव पाण्यात घातले होते, आणि आता ती नजर रस्ताभर उभी होती. त्यांच्यात बाबा होते. घरी बसणारेही होते. सगळ्यांचे ओठ मिटलेले होते, आणि तोंड उघडून बोट फिरवल्याशिवाय तिला काहीच कळणार नव्हतं.

“आलीस?” कुणीतरी म्हणालं. ओठ कुणाचे हलले ते तिला दिसलं नाही.

फेरीताई बाजूला उभी राहून कौतुकानं बघत होती.

तिला पळायचं होतं. तिनं पळायचं ठरवलंही. पण मग एकानं हात पुढे केला, आणि तो हात ऊबदार होता, आणि त्यानं तिचा हात धरला तो, ती लहान असताना रस्ता ओलांडायला कुणीतरी धरला होता तसा. रांग पुन्हा चालू लागली. एकेक घर आलं, एकेक जण आत गेला, एकेक दार लागलं. त्यांचं घर आलं तेव्हा दोघं आत गेली.

दिव्याखाली तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं. हात धुतले, पुसले, समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, आ करा.”

त्यांनी मान हलवली. ओठ घट्ट मिटून घेतले आणि तिच्याकडे बघून हसले, डोळ्यांनी, लाडात आलेल्या मुलासारखे. तिनं बोट ओठांशी नेलं. तिथेच थोडा वेळ धरलं. मग मागे घेतलं.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. दोन्ही साचे तिनं फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडले आणि चुरा बागेत टाकला. हल्ली ती दवाखान्याची कामं पहिल्यासारखी करते, भावाला बाबा मजेत आहेत म्हणून कळवते, आणि ते संध्याकाळी दारातून आत येतात तेव्हा आधी त्यांच्या डोळ्यांत बघते. त्या घरात आता सगळं मऊ शिजतं. चावावं लागेल असं ती काही करत नाही.